अनुक्रमणिकेत नसलेले नाव : कवितेच्या अनुवादकाच्या श्रेयाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका छोट्या साहित्यमंडळाच्या दिवाळी अंकाचे आहे. मी त्या अंकाच्या संपादक मंडळात होतो, आणि पुढे ज्या चुकीच्या निर्णयांचा उल्लेख येईल त्यांपैकी दोन माझे स्वतःचे होते. संबंधितांना विचारूनच हे लिहीत आहे. तरीही त्यांची, मंडळाची आणि छापखान्याची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

अंक दरवर्षी निघतो. काम करणारे सगळेच नोकरी आणि घर सांभाळून काम करतात, जाहिराती शेवटच्या आठवड्यात येतात आणि अंक लावण्याचे काम त्याच आठवड्यात घाईने उरकावे लागते. त्या वर्षी अनुवादित कवितांचा स्वतंत्र विभाग करायचे ठरले. चौदा कविता एकाच अनुवादिकेच्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. शाळेत त्यांनी मराठी आणि हिंदी दोन्ही विषय शिकवले आणि गेली अनेक वर्षे कोणी मागितले नसतानाही त्या वहीत कवितांचे अनुवाद करत आल्या. आम्ही त्यांना ताई म्हणतो, इथेही तसेच म्हणतो. चौदापैकी बारा कविता थेट हिंदीतून आल्या होत्या, तर एक तुर्की आणि एक स्पॅनिश कविता इंग्रजी अनुवादावरून मराठीत आली होती.

इथे नागपूरविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय ही चूक इतक्या सहज कशी झाली ते कळणार नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि मराठी व हिंदी इथे एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात नांदत आल्या आहेत. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत होते आणि त्यांचे सख्खे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. गजानन माधवांनी याच शहरात 'नया खून' या साप्ताहिकात काम केले. इतवारीच्या बाजारात सौदा हिंदीत करून घरी मराठीत हिशेब सांगणाऱ्या माणसाला हिंदी परकी वाटत नाही. ही आपली श्रीमंतीच आहे. पण तिचा एक तोटा असा की, हिंदीतून मराठीत कविता आणायला काही कष्ट पडतात हेच इथे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

घडले काय

ताईंनी दिलेल्या हस्तलिखितात प्रत्येक कवितेखाली उजवीकडे दोन ओळी होत्या : मूळ कवीचे नाव आणि त्याखाली 'अनुवाद' असे लिहून त्यांचे स्वतःचे. अंक लावताना पाच कविता एक-दोन ओळींनी पुढच्या पानावर जाऊ लागल्या. डीटीपी करणाऱ्या मुलाने रात्री फोन करून विचारले, काय करू? मी म्हणालो, तेच नाव चौदा वेळा कशाला हवे, विभागाच्या सुरुवातीच्या पानावर एकदा ठळक टाका आणि कवितांखालची ओळ काढा. त्या वेळी हा निर्णय मला सुटसुटीत वाटला. प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच.

दोन दिवसांनी पूर्ण पानाची एक जाहिरात आली. पाने वाढवायची तर आणखी एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच, छापावा लागला असता, म्हणून विभागाचे ते सुरुवातीचे पान काढून तिथे जाहिरात लावली गेली. ज्याने पान काढले त्याला त्यावर एक नाव आहे आणि ते दुसरीकडे कुठेच नाही हे माहीत नव्हते. अनुक्रमणिका आमच्या जुन्या साच्यात तयार झाली. त्या साच्यात शीर्षक, कवी आणि पृष्ठ असे तीनच रकाने होते. शेवटचे प्रूफ मीच वाचले. प्रूफ वाचताना नजर चुकीचे अक्षर शोधत असते, आणि जे छापलेच नाही त्यावर ती अडत नाही.

अंक निघाला. मंडळातल्या एका तरुण सदस्याने हौसेने काही ओळींची देखणी पोस्टर्स केली आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरली; ओळी ताईंच्या मराठीतल्या आणि खाली नाव मूळ हिंदी कवीचे. पुढे सीताबर्डीतल्या एका सभागृहात अंकातल्या कवितांचे वाचन झाले. सूत्रसंचालकाने प्रत्येक वेळी कवीचे नाव घेतले आणि वाचणाऱ्याचेही घेतले. ताई चौथ्या रांगेत बसल्या होत्या.

त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणे अधिक अवघड गेले. "भाऊ, अंक छान झाला. कागदही चांगला आहे. पण त्यात मी कुठे आहे जी?" मी अंक उघडला, पाने चाळली आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. मी दिलगिरी व्यक्त केली, अनवधानाने राहून गेले असे सांगितले आणि पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ म्हणालो. हा दुसरा निर्णयबिंदू, आणि तोही माझाच. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "पुढचा अंक वाचताना हा अंक कोण उघडून बघेल?"

अडचण नेमकी कोणती

संपादक मंडळाची बैठक धरमपेठेत एका सदस्याच्या घरी झाली. चूक झाली हे सर्वांना मान्य होते, पण ती किती मोठी यावर मतभेद होते. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की कविता तर त्या कवीचीच आहे आणि हिंदी आपल्यापैकी कोणाला येत नाही? दुसऱ्यांचे म्हणणे, मानधन दिलेले आहे, तेव्हा विषय एका दिलगिरीत संपावा. या दोन्ही मतांना त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर मिळाले ते ताईंच्या घरी, त्यांची वही पाहिल्यावर.

वाचनात ज्या कवितेला सर्वाधिक दाद मिळाली होती तिच्यात मूळ हिंदी शब्द 'कोना' असा आहे. घरातल्या एका कोन्यात ठेवलेल्या कंदिलाविषयी ती ओळ आहे. वहीत ताईंनी आधी 'कोपरा' लिहून खोडले होते. कोना चार मात्रांचा आणि कोपरा पाच मात्रांचा, त्यामुळे ओळ लंगडत होती. मग 'कोन' लिहून खोडले होते, कारण तो भूमितीतला वाटतो. दोन पानांनंतर, वेगळ्या शाईत, 'सांदी' हा शब्द होता. मात्रा चार, बरोबर कोनाइतक्या. शिवाय सांदीकोपऱ्यातली वस्तू म्हणताच ती वस्तू विसरली गेलेली आहे हेही मराठी माणसाला न सांगता कळते. पोस्टरवर नेमकी हीच ओळ होती. तिच्याखाली कोणीतरी लिहिले होते की कवीने 'सांदी' हा काय शब्द योजला आहे! त्या कवीने तो शब्द कधी वापरलेलाच नाही.

दुसरे उदाहरण याहून कठीण होते. एका कवितेत 'मौत' ही म्हातारी पाहुणी होऊन येते, ओसरीवर बसते आणि पाणी मागते. मौत हिंदीत स्त्रीलिंगी आहे. मराठीत मृत्यू पुल्लिंगी आणि मरण नपुंसकलिंगी. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला की ती म्हातारी नाहीशी होते आणि कविताच कोसळते. ताईंनी 'अखेरची वेळ' असे केले. वेळ स्त्रीलिंगी, म्हणून म्हातारी ओसरीवर बसू शकली. या एका जागेवर त्यांचे तीन आठवडे गेले होते. हिंदी येणे आणि हे सुचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी मंडळाला त्या वहीची छायाचित्रे दाखवूनच सांगितले. त्यानंतर 'हिंदी कोणाला येत नाही' हा मुद्दा पुन्हा निघाला नाही.

मानधनाच्या मुद्द्यासाठी मंडळातल्या वकील सदस्यांनी कायदा वाचून दाखवला. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 14 नुसार कवितेचे भाषांतर करण्याचा किंवा करू देण्याचा हक्क मूळ कवीकडे असतो. पण झालेला अनुवाद हीदेखील एक साहित्यकृती ठरते आणि ती अनुवादकाची असते. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या अनुच्छेद 2 मध्येही मूळ कृतीच्या हक्काला बाध न आणता अनुवादाला मूळ कृतीसारखेच संरक्षण दिलेले आहे. कलम 57 नुसार कृती आपली असल्याचे सांगण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, आणि कॉपीराइट पूर्णपणे दुसऱ्याला दिला तरी तो राहतो. शिवाय कलम 19 नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. आमच्याकडे असा एक कागदही नव्हता. थोडक्यात, मानधन दिल्याने नाव गाळण्याची मुभा मिळत नव्हती. ताई कायद्याची भाषा एकदाही बोलल्या नाहीत, हे इथे नोंदवले पाहिजे.

प्रकरणाला मिळालेले वळण

वही पाहताना दुसरी गोष्ट पुढे आली. इंग्रजीवरून आलेल्या दोन कवितांखाली ताईंनी मूळ कवीचे आणि स्वतःचे नाव दिले होते, पण ज्या इंग्रजी अनुवादांवरून काम केले त्यांच्या अनुवादकांची नावे दिलेली नव्हती. मी विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पण तेच केलं."

तुर्की कविता नाझिम हिकमत यांची होती. त्यांचे निधन 1963 मध्ये झाले. आपल्याकडे कॉपीराइटची मुदत मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षांची असल्याने 2023 अखेर ती संपली, आणि म्हणून ही कविता सर्वांना खुली आहे असे आम्ही धरले होते. मूळ तुर्की कवितेपुरते ते खरेही होते. पण ताईंनी तुर्की वाचलेले नव्हते. त्यांनी वाचला तो बऱ्याच नंतरच्या काळातला इंग्रजी अनुवाद, आणि त्याच्यावर त्या इंग्रजी अनुवादकाचा स्वतंत्र हक्क शिल्लक होता. स्पॅनिश कवितेचा प्रश्न अधिक बिकट होता. ती त्यांनी फार पूर्वी ग्रंथालयातल्या एका मासिकातून वहीत उतरवून घेतली होती. कवयित्रीचे नाव लिहिले होते, इंग्रजी अनुवादकाचे लिहिले नव्हते आणि मासिकाचेही नाही.

मराठीत हे पूर्वापार चालत आले आहे, असे मला वाटते. जगभरातली कविता आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर इंग्रजीच्या दारातून आली, आणि ते दार कोणी उघडून धरले हे आपण क्वचितच लिहिले. 'स्वैर अनुवाद', 'भावानुवाद', 'आधारित' असे शब्द मात्र सढळ हाताने वापरले. हे शब्द प्रामाणिकपणेही वापरता येतात. पण मधल्या अनुवादकाचे नाव न देण्याची सोय म्हणूनही ते वापरले गेले आहेत.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुढच्या वर्षीच्या अंकात चौकट देण्याचा होता. खर्च काहीच नव्हता, पण ताईंच्या प्रश्नाला त्यातून उत्तरही मिळत नव्हते. दुसरा पर्याय तो फर्मा पुन्हा छापून उरलेले अंक नव्याने बांधण्याचा. छापखान्याने सांगितलेला खर्च मंडळाच्या शिलकीपेक्षा जास्त होता आणि वाचकांकडे गेलेल्या प्रतींना त्याचा उपयोग नव्हता. तिसरा पर्याय, शुद्धिपत्राची सुटी चिठ्ठी अंकात ठेवणे. सुटी चिठ्ठी पहिल्या वाचनातच गळून पडते हे ग्रंथालयात वावरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. चौथा पर्याय चिठ्ठी अनुक्रमणिकेच्या पानावर चिकटवण्याचा होता; तो कष्टाचा होता, कारण शिल्लक प्रत्येक अंक हातात घ्यावा लागणार होता.

मानधन वाढवून द्यावे, अशीही एक सूचना आली. ती मी ताईंपर्यंत नेली नाही, आणि न नेणे योग्यच होते असे अजूनही वाटते. नावाचा हिशेब पैशाने चुकता करू पाहणे त्यांना लागले असते.

अनुवादकाचे नाव कवीच्या नावाइतक्याच आकारात द्यावे का, यावरही वाद झाला. पोस्टर्स करणाऱ्या त्याच तरुण सदस्याने दोन दाखले दिले. साहित्य अकादमी 1989 पासून अनुवादासाठी वेगळा पुरस्कार देते, आणि इंटरनॅशनल बुकर पुरस्काराची 50,000 पौंडांची रक्कम 2016 पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की कवीचा मान कवीला राहू द्या. अखेर नाव कवितेखालीच, कवीच्या नावाच्या लगेच खालच्या ओळीत आणि त्याच आकारात असावे असे ठरले.

केलेली कृती

चौथा पर्याय स्वीकारला. एका रविवारी सहा जण बसलो आणि शिल्लक अंकांत अनुक्रमणिकेच्या पानावर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर चौदाही कवितांची नावे, प्रत्येकीसमोर मूळ कवी, मूळ भाषा आणि अनुवादिका. इंग्रजीवरून आलेल्या दोन्हींसमोर चौथा रकाना. तुर्की कवितेसमोर इंग्रजी अनुवादकाचे नाव दिले. स्पॅनिश कवितेसमोर 'इंग्रजी अनुवादावरून. इंग्रजी अनुवादकाचे नाव मिळू शकले नाही' असे छापले. ही ओळ ताईंनीच सुचवली. ती छापली तर आमची आणखी एक उणीव उघड होईल, अशी शंका एका सदस्याने घेतली. ताई म्हणाल्या, उघड होऊ द्या, वाचणाऱ्या कोणाला तरी नाव माहीत असेल.

नियमित वर्गणीदारांना हीच चिठ्ठी टपालाने पाठवली आणि ती अंकात कुठे चिकटवावी हेही लिहिले. पोस्टर्स नव्याने केली, या वेळी अनुवादिकेचे नाव चित्रातच, ओळीच्या लगेच खाली. कारण सोबतचा मजकूर पुढे पाठवताना सुटतो आणि चित्र तेवढे राहते. इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशकाला पत्र लिहून झालेली गोष्ट कळवली आणि परवानगी मागितली. हे पत्र छपाईच्या आधी जायला हवे होते.

परिणाम

फळ संमिश्र आहे. ग्रंथालयांत गेलेल्या ज्या प्रती आम्ही स्वतः जाऊन पाहिल्या, त्यांत चिठ्ठी लावता आली. वर्गणीदारांपैकी काहींनी ती चिकटवल्याचे कळवले, बाकीच्यांचे माहीत नाही. जुने पोस्टर अजूनही अधूनमधून फिरत येते. सांदीची ओळ त्या हिंदी कवीच्या नावावरच अनेकांच्या फोनमध्ये राहणार, आणि ते आता आमच्या हातात नाही. मूळ कवींपैकी एकांना चिठ्ठी पोचली तेव्हा त्यांनी ताईंना स्वतः पत्र लिहिले आणि 'अखेरची वेळ' विषयी दोन परिच्छेद लिहिले. हे पत्र ताईंनी वहीतच ठेवले आहे.

प्रकाशकाने उशिरा, पण परवानगी दिली. स्पॅनिश कवितेच्या इंग्रजी अनुवादकाचे नाव हे लिहीपर्यंत मिळालेले नाही, म्हणून ती कविता ताईंनी आपल्या नियोजित संग्रहातून काढली. त्यांना ती फार आवडते, हे मला ठाऊक आहे.

आता वेगळे काय करू

पहिला निर्णयबिंदू पुन्हा आला तर मी ओळ काढणार नाही. अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान करीन किंवा कविता दुसऱ्या पानावर जाऊ देईन. विभागाच्या आरंभी एकदा नाव देण्यात धोका असा की कविता तिथे थांबत नाही. तिची झेरॉक्स निघते, छायाचित्र निघते, ती सभेत वाचली जाते, आणि आरंभीचे पान मागेच राहते. नाव कवितेला चिकटून असेल तरच तिच्याबरोबर जाते.

दुसऱ्या बिंदूवर, म्हणजे फोनवर, मी 'पुढच्या अंकात' असे उत्तर लगेच द्यायला नको होते. काय केले तर तुम्हाला बरे वाटेल, एवढे विचारले असते तरी पुष्कळ झाले असते. उपाय मी ठरवला आणि तो आधी आमच्या सोयीचा ठरवला.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. नाव गळाले त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. ते सांभाळणे कोणाच्याच कामात धरलेले नव्हते. आता अनुक्रमणिकेच्या साच्यात मूळ भाषा, अनुवादक आणि 'कोणत्या अनुवादावरून' असे आणखी तीन रकाने आहेत, आणि एक सदस्य प्रूफाच्या वेळी मजकूर न वाचता फक्त नावे मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहतो. सूत्रसंचालकाच्या कागदावर कवी, अनुवादक, वाचक असा क्रम लिहिलेला असतो. अनुवादकाशी एक पानी लेखी बोलणे होते : नाव कसे आणि कुठे छापायचे, मूळ कवीची परवानगी कोण घेणार, ओळी पोस्टरवर वापरायच्या तर काय करायचे, आणि 'अनुवाद' म्हणायचे की 'भावानुवाद'. हा शेवटचा निर्णय अनुवादकाचाच. आम्ही तो बदलत नाही.

यंदाच्या अंकासाठी ताईंनी सहा कविता दिल्या आहेत, पाच हिंदीतल्या आणि एक पुन्हा इंग्रजीवरून. गेल्या आठवड्यात त्यांना प्रूफ पाठवले. दुरुस्ती एकच आली, पेन्सिलने समासात लिहिलेली : इंग्रजी अनुवादकाचे नाव माझ्यापेक्षा बारीक अक्षरात आहे, ते सारखे करावे.